उपाशी ठेवलेली भाजी

सदानंद मास्तर मालवणच्या मासळीबाजारातून थर्माकोलची रिकामी खोकी घरी आणू लागले, तेव्हा कुंभारमाठातल्या लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. मास्तर रिटायर झाल्यावर सुरमईच्या धंद्यात पडले, असं एकाने ठरवलं. दुसऱ्याने त्यात सुधारणा केली की धंदा दुसऱ्या कुणाचा तरी असणार, मास्तर नुसते हमाल. मास्तरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. स्कूटरच्या मागे दोन-दोन खोकी बांधून ते घाटी चढत, घरी येऊन ती साबणाने घासत, मग लिंबाने घासत, मग उन्हात उलटी घालत. तरीही तीन दिवस शेजारची मांजरं पडवीसमोर ग्रामसभेला आल्यासारखी बसून होती.

खरी गोष्ट अशी, की मास्तरांना भाजी पिकवायची होती, आणि तीही मातीशिवाय, नुसत्या पाण्यात. माती तशी त्यांच्याकडे नव्हतीच. घर कातळावर बांधलेलं, कुदळ मारली तर ठिणगी उडायची. बाहेरून माती आणून काही लावलंच तर वांदरांचा कळप आठवड्यातून दोनदा येऊन मुळासकट उपटून जायचा. गावातल्या निम्म्या लोकांनी परसातली भाजी त्यांच्यापायी सोडून दिली होती. पण मास्तरांचं कारण कातळ नव्हतं आणि वांदरही नव्हते. कारण घरात आरामखुर्चीत बसलेलं होतं.

किशोरी, मास्तरांची बायको. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर सोमवारी आणि दर गुरुवारी ओरसला डायलिसिस. सकाळी सहाला सत्यवानची रिक्षा दारात येई. चौके, कट्टा, कसाल करत ओरस गाठायचं, चार तास तिने यंत्राला जोडून पडायचं, चार तास मास्तरांनी बाकड्यावर बसायचं, आणि दुपार कलली की तोच रस्ता उलटा. घरी आल्यावर ती झोपायची. मास्तर भात लावायचे, तिच्या दिवसाचं पाणी मापाच्या बाटलीत भरून ठेवायचे, गोळ्या डब्यात मांडायचे, आणि ते सगळं झाल्यावर पडवीत येऊन कशाकडेही न बघता बसायचे. मंगळवारी दुपारी त्यांना अशी काही झोप लागायची की घरावर माड पडला असता तरी कळलं नसतं. बासष्टाव्या वर्षी माणूस थकतोच. पण मास्तर थकले होते ते अंगाने कमी आणि तिच्याकडे बघून जास्त.

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता, तो फ्रीजवर चिकटवलेला होता. शहाळं नाही. केळं नाही. टोमॅटो नाही. पालेभाजी नाही. या सगळ्यांत पोटॅशियम असतं, ते किडनी बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठतं आणि काळजावर येतं. किशोरीने कागद एकदा वाचला आणि पाळला. तिने कधी कुरकुर केली नाही, आणि मास्तरांना तीच गोष्ट बरी वाटत नसे.

नोव्हेंबरात एका गुरुवारी परत येताना रिक्षा कट्ट्याच्या बाजारात अडकली. रस्त्याच्या कडेला एक बाई तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, जुड्या मांडून बसली होती. मुळांना अजून ओली माती होती.

"तांबडी भाजी इली," किशोरी म्हणाली.

एवढंच. मग तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचं माहेर मसुऱ्याचं. गड नदीच्या काठाला तिच्या आईचा मळा होता, आणि थंडीत त्या मळ्यात तांबड्या भाजीशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. लहानपणी भाजी उपटणं, जुड्या बांधणं, त्या डोक्यावरून नेणं हेच तिचं काम होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण थंडी पडली की तिच्या हातची ती भाजी, लसूण ठेचून, वर चिमूटभर खोबरं, हे मास्तरांच्या घरातलं ठरलेलं होतं. गेल्या दोन थंड्यांत ती घरात शिजली नव्हती. मास्तरांनी आपल्यापुरतीही आणली नव्हती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, कसालच्या अलीकडे, सत्यवान चाकात हवा भरायला उतरला असताना ती हळूच म्हणाली, "अवो, आता पुरे झाला."

"काय पुरे झाला?"

"ह्या येणा-जाणा. माका कंटाळो इलो. आणि तुमी पण बगा कसे दिसतास."

मास्तरांनी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पोरांनी विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे, नसलं तर ते दुसऱ्या दिवशी वाचून येत. हे मात्र कुठल्या पुस्तकात वाचून येण्यासारखं नव्हतं. सत्यवान आला, रिक्षा सुरू झाली, आणि विषय तिथेच राहिला. पण ती हे असंच बोलली नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. किशोरी उगाच बोलणारी बाई नव्हती. एखाद्या सोमवारी सकाळी सहाला ती आरामखुर्चीतून उठणारच नाही, आणि आपण तिला ओढून तर नेऊ शकत नाही, हे भय त्या दिवसापासून त्यांच्या मागे लागलं. तिला थांबवायला त्यांच्याकडे काहीतरी हवं होतं. नुसतं 'माझ्यासाठी चल' म्हणायची त्यांना लाज वाटत होती.

वाट दाखवली ती मुलीने. इशिता पुण्याला असते. तिने फोनवर एक माहिती पाठवली. परदेशात किडनीच्या पेशंटसाठी पाण्यावर भाजी वाढवतात, आणि शेवटचे काही दिवस त्या पाण्यातलं पोटॅशियम बंद करतात. झाडाला ते मिळत नाही, म्हणून पानातही कमी उतरतं. मास्तरांनी ते चार वेळा वाचलं आणि गुरुवारी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर तरुण होते, हसले नाहीत.

"करून बघा, सर. पण प्रत्येक वेळचं पीक लॅबमधून तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट आधी मला दाखवायचा. त्यानंतर उकळून, ते पाणी फेकून, अर्धी वाटी. तपासल्याशिवाय एक पानसुद्धा नाही."

"एक पानसुद्धा नाही," मास्तर म्हणाले.

अशा भाजीची तयार यंत्रं ऑनलाइन मिळतात. पांढरे पाइप, पंप, दिवे. त्यांची किंमत बघून मास्तरांनी फोन उलटा ठेवला. मग शाळेत असताना प्रयोगशाळेला कधी पैसे न मिळताही ते जसे प्रयोग करत, तसेच त्यांनी इथे केले. मासळीच्या खोक्यात पाणी. खोक्याच्या झाकणाला भोकं. भोकांत दह्याचे रिकामे कप, बुडाला गरम सळीने पाडलेली छिद्रं. कपात काथ्याचा भुसा, त्यात बी. मुळं खाली पाण्यात लोंबतात आणि पाणी जसं कमी होतं तशी हवाही घेतात. पंप नको, वीज नको, आणि इथली वीज कधी जाते-येते ते बघता ते बरंच होतं. पडवीला आधीपासून ग्रिल होतं, त्यामुळे वांदरांना नुसतं बाहेरून बघत बसावं लागलं.

पहिली खेप मेली. काथ्याचा भुसा त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून फुकट आणला होता, आणि तो माणूस नारळाची सोडणं खाडीत कुजवत असे. भुसा नुसता मीठ होता. मास्तरांनी तो जिभेवर ठेवून बघितला आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी भुसा सात पाण्यांनी धुतला. कुडाळहून खतांच्या तीन वेगवेगळ्या पुड्या आणल्या, कारण सगळं एकत्र असलेल्या खतात पोटॅशियम येणारच. शाळेने भंगारात काढलेला तराजू त्यांच्याकडे होता, त्यावर ते पुड्या मोजून घालू लागले. खोक्यांवर नंबर पडले. तारखा पडल्या. आणि पडवीत एक नियम झाला, की खोक्यांना कोणी हात लावायचा नाही.

"ह्या काय चल्लाहा?" किशोरीने विचारलं होतं.

"टाइमपास," मास्तर म्हणाले.

"बरा," ती म्हणाली, आणि पुन्हा विचारलं नाही.

तिला न सांगण्याला मास्तरांकडे कारण होतं. पहिल्या वर्षी तिच्या भावाची किडनी जुळते आहे असं वाटलं होतं. चार महिने घरात वेगळंच वारं होतं. किशोरी भिंतीला हात न धरता चालायची, दिवाळीत फराळाला काय करायचं ते ठरवायची. मग भावालाच साखर निघाली आणि तो रस्ता बंद झाला. त्या दिवशी ती रडली असती तर मास्तरांना सोसलं असतं. ती फक्त कमी बोलू लागली. म्हणून मास्तरांनी ठरवलं, की या वेळी वाटी तिच्या हातात देऊनच बोलायचं, त्याआधी एक अक्षर नाही. ठरवलं ते प्रेमापोटीच, यात शंका नाही. पण आपण तिला बायकोच्या जागेवरून उठवून पेशंटच्या खाटेवर बसवलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत दोन खोक्यांतली भाजी तयार झाली. शेवटचे दहा दिवस पोटॅशियमची पुडी बंद. किशोरी यंत्रावर असताना मास्तर एसटीने कुडाळला लॅबमध्ये गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं की तपासायला पाव किलो लागेल. पाव किलो म्हणजे सगळंच पीक होतं. ते तिथे देऊन मास्तर रिकामी पिशवी घडी करून परत आले. दोन दिवसांनी फोन आला. नेहमीच्या भाजीच्या मानाने पोटॅशियम बरंच कमी होतं, डॉक्टर चालेल म्हणाले. मास्तरांना इतका आनंद झाला की कुणाला सांगावं ते कळेना. शेवटी त्यांनी सत्यवानला चहा पाजला. सत्यवानला वाटलं, इशिताचं लग्न ठरलं.

आता आठ खोकी. पेरल्यापासून अठराव्या दिवशी मास्तरांनी आठही खोक्यांतलं पाणी उपसलं, विहिरीचं नवं पाणी भरलं, आणि त्यात तिसरी, पोटॅशियमची पुडी सोडून बाकीच्या घातल्या. कंबर धरली ती चार दिवस सुटली नाही. त्यातच त्या सोमवारी किशोरीचं बीपी यंत्रावरच खाली गेलं. घरी येताना रिक्षात तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. पुढच्या सोमवारचं काय, हा एकच विचार मास्तर सबंध रस्ता करत होते.

इकडे भाजी वाईट दिसू लागली. पानांच्या कडा करपल्या, खालची पानं मलूल झाली. तसं होणारच होतं, मागच्या वेळीही झालं होतं. किशोरी आता दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसायची, कारण आत तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. ती खोक्यांकडे बघत राही.

"झाडां उपाशी दिसतत," ती म्हणाली.

"तेंका तसाच होया," मास्तर म्हणाले. ते हिशेबाच्या वहीत तारीख लिहीत होते.

"उपाशी ऱ्हवाक कोणाक होया असता?"

मास्तरांनी मान वर केली नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, की सगळी गोष्ट त्या एका क्षणात होती. वही मिटून दोन वाक्यं सांगितली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मास्तरांना वाटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

पुढच्या तीन-चार दिवसांत भाजीने एकदम अंग धरलं. नवी पानं निघाली ती रुंद, रसरशीत, दांडे करंगळीएवढे. मास्तरांनी त्याचं श्रेय हवेला दिलं, आणि हवेने शिल्लक ठेवलेलं स्वतःला घेतलं. आपल्या पुड्यांचा मेळ या वेळी नेमका बसला असणार. गुरुवारी त्यांनी पाव किलो पानं लॅबमध्ये दिली. शनिवारी दुपारपर्यंत फोन करते, असं बाई म्हणाल्या. आणि मास्तरांना शनिवारची दुपार धरवली नाही. एका यशाने माणसाला चढते ती अशी. सकाळी नाश्ता झाल्यावर ते किशोरीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुका तांबडी भाजी खाऊची आसा."

तिला आधी कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. परदेश, पाणी, डॉक्टर, अर्धी वाटी. सांगताना त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा झाला. पोटॅशियम कमी केलंय, एवढं त्यांनी तीनदा सांगितलं. ते कसं, हे सांगायचं राहिलं.

किशोरीने खोक्यांकडे बोट केलं. "ही माझ्यासाठी होती?"

"मगे कोणासाठी?"

ती उठली. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून स्वयंपाकघरात गेली. मास्तरांनी उपटून आणलेली भाजी तिने निवडली, जमिनीवर आडाळ्याशी, विळीशी बसता येत नव्हतं म्हणून टेबलावर सुरीने चिरली, लसूण सोलली. डावा हात जपून वापरत होती, त्याच हाताला सुया टोचत. बोटं लाल झाली होती. तोंडाने ती मसुऱ्याचं काहीबाही सांगत होती, आई जुडी बांधताना गाठ कशी मारायची, कोणाला एक काडी जास्त द्यायची. मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. पुढच्या सोमवारचं भय त्या दिवशी सकाळी त्यांना नव्हतं.

"फोन येयपर्यंत गॅस लावू नको हां," ते म्हणाले.

"नाय लावणा."

फोन साडेअकराला आला.

"सर, या वेळचं पोटॅशियम जास्त आहे," लॅबमधल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे बाजारातल्या भाजीपेक्षाही जास्त. मी दोनदा बघितलं. पाण्यात काही वेगळं घातलं होतं का? पोटॅश वगैरे?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले.

फोन ठेवून ते पडवीत गेले. एक नंबरच्या खोक्याचं झाकण उचललं. पांढऱ्या मुळांच्या मधे काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ते ओढून काढलं. हिरव्या फडक्याची लहान पुरचुंडी होती, दोऱ्याने बांधलेली, दुसरं टोक कपाच्या कडेला अडकवलेलं. दोन नंबरात एक. तीन नंबरात एक. आठही खोक्यांत एकेक. फडकं त्यांच्या ओळखीचं होतं, किशोरीच्या जुन्या पातळाचं. त्यांनी एक पुरचुंडी सोडली. आत राख होती.

ती तशीच ठिबकत घेऊन ते स्वयंपाकघरात आले. "ह्या काय?"

"राख," किशोरी म्हणाली. तिचा चेहरा अजून सकाळचाच होता. "न्हाणयेतल्या चुलीतली, सोडणांची. गेल्या आटवड्यातल्या मंगळवारी घातलंय, तुमी दुपारचे निजलात तेवा. पाणी गढूळ झाला तर तुमी ओरडतलात, म्हणान फडक्यात बांधलंय. आई अशीच घाली. बगा कशी उटली ती."

न्हाणीपासून पडवीपर्यंत चाळीस पावलं. करवंटीत राख घेऊन, भिंतीला धरत, ती किती वेळा गेली असेल याचा मास्तरांना अंदाज होता, आणि म्हणूनच ते जास्त चिडले. रागावले की ते घरातली भाषा सोडून शाळेच्या मराठीत जात.

"राखेत पोटॅशियम असतं. नारळाच्या राखेत तर सर्वांत जास्त. ते काढून घ्यायलाच मी झाडांना उपाशी ठेवलं होतं. सगळं पीक फुकट घालवलंस. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

किशोरीने चिरलेल्या भाजीकडे बघितलं. हातातला लसणीचा गड्डा तिने खाली ठेवला. मास्तरांचा राग जसा आला तसा उतरत गेला. उरलं ते नुसतं थकणं. त्यांना वाटलं, आता ती आत जाऊन झोपेल, आणि सोमवारी उठणार नाही.

"नाय कळत," ती म्हणाली. "माका कोणी सांगला? एकतीस वर्सां लोकांच्या पोरांका शिकवलात राखेत काय असता ता. घरातली राख मी भरतंय. माका कदी सांगलात?"

मास्तरांनी पुरचुंडी टेबलावर ठेवली.

"ही भाजी माझ्यासाठी, ता तरी सांगलात काय? इशिताक ठावक, डाक्टराक ठावक. माका आज सकाळी. माजी किडनी गेली हा, अवो. डोक्या गेला नाय."

"तुका आशा लागली असती," मास्तर म्हणाले. "भावाच्या वेळेक लागली तशी. मगे परत..."

"लागली असती तर लागली असती. ती माझी. तुमी कोण ती उचलून माळ्यावर ठेवणारे?"

मास्तर टेबलाशी बसले. पुरचुंडीतून पाणी ठिबकत होतं, भाजीच्या तांबड्या पाण्यात करडं मिसळत होतं. त्यांना बायकोची क्षमा मागायची होती, पण त्या घरात तशी पद्धत कधी पडलीच नव्हती.

किशोरीने उठून गॅस लावला.

"कित्याक लावतंस? तुका चलाची नाय ती."

"तुमका करतंय. भाजयेन काय केल्यान तुमचा? दोन वर्सां तुमी पण खाल्लात नाय, माका काय दिसना नाय?"

तिने लसूण ठेचली, फोडणीत टाकली, भाजी वाफवली, वर खोबरं घातलं. मास्तरांनी ताट घेतलं नाही, तेव्हा तिनेच वाढून समोर ठेवलं. आपण समोर बसली. मास्तरांनी घास घेतला. भाजी उत्तम होती. कोवळी, गोडसर, विहिरीच्या पाण्याची आणि राखेची. तिच्यासाठी वाढवलेली ही भाजी आपण गिळतो आहोत, आणि ती समोर बसून बघते आहे, याने त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही आणि जेवणही थांबवलं नाही, कारण थांबले असते तर ती बोलली असती.

"मीठ बरा आसा?" किशोरीने विचारलं.

"बरा आसा."

"परत पेरल्यार परत उपाशी ठेवचा लागतला तेंका?"

"शेवटचे धा दिवस."

"पानां करपतली."

"करपतली."

तिने विचार केला. बोटावरचा लाल रंग दुसऱ्या बोटाने पुसला. "मगे तेवा माजी खुर्ची तेंच्या बाजूक घाला. उपाशी ऱ्हवतला तेका कोणतरी वांगडा, सोबतीक होया. राख घालूचंय नाय मी."

मास्तरांनी मान हलवली. तोंडात घास होता.

"आणि सगळा धरून किती दिवस लागतत?"

"अठ्ठावीस."

किशोरी बोटांवर मोजू लागली. सोमवार, गुरुवार. सोमवार, गुरुवार. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. मास्तरांचा हात ताटात तसाच थांबला होता.

"आठ फेरये," ती म्हणाली. आणि थोडं थांबून म्हणाली, "जाऊया."